अंगठ्याचा कोपरा

टेलरबाईंच्या हाताखालून गेलेल्या कॉलरचं टोक कधी बोथट निघालं नाही. त्यातली खुबी त्या शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगायच्या. शिवून झालं की उलटवण्याआधी कोपऱ्यातलं जास्तीचं कापड तिरकं छाटून टाकायचं. ते आत राहिलं तर त्याचा गोळा होतो आणि जन्मभर मानेला टोचत राहतो. "कोपऱ्याला दयामाया दाखवायची नाही," असं म्हणून त्या कात्री चालवायच्या, आणि कॉलर उलटवून टोक असं पुढे धरायच्या की पोरी बघत राहायच्या.

हाच कायदा त्यांनी नवऱ्याच्या पायांनाही लावला होता.

नवरा बस चालवायचा. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं ते साहेबपण कुणी काढून घेतलं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी त्यांचे मोजे अंगठ्यापाशी सारखे फाटायचे. रफू करायचा बाईंना भारी कंटाळा. नवीन शिवण्यातली मजा भोकं बुजवण्यात कुठून येणार? एका रविवारी साहेब आंघोळ करून गॅलरीत खुर्चीवर बसले होते. बाईंनी खाली पाट घेतला, त्यांचा पाय ओढून मांडीवर ठेवला आणि नखाचा कोपरा चाचपून म्हणाल्या, "हा बघा, हा चोर!" मग दोरा तोडायच्या लहान कात्रीने दोन्ही बाजूंचे कोपरे खोलवर, गोल छाटून टाकले. मोजे फाटायचे थांबले, पण रविवारची नखं काही थांबली नाहीत.

आता पायाची नखं काही दर आठवड्याला वाढत नाहीत. पण बाईंना तिथे छाटण्यासारखं काही ना काही सापडायचंच. खरं सांगायचं तर दोघांनाही नखांशी फारसं देणंघेणं नव्हतं. साहेब एरवी तोंडाला कुलूप लावून बसणारे. आठवडाभर "हं" आणि "बघू" यावर भागवायचे. पण पाय बाईंच्या मांडीवर गेला की त्यांना वाचा फुटायची. कोण प्रवासी बसमध्ये झोपून थेट डेपोत पोचला, कुठल्या वळणावर कुत्रं रोज वाट बघायचं, कुणी उतरताना छत्री विसरली आणि ती घ्यायला दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाच पाठवलं. बाई मान खाली घालून ऐकायच्या आणि मधूनच "हलू नका" म्हणून दटावायच्या. त्या दोघांनी एकमेकांना प्रेमाचा शब्द म्हणून कधी काही म्हटलं नाही. त्यांच्या पिढीत ते जमायचं नाही, आणि जमलं असतं तरी दोघांनाही हसू आवरलं नसतं. जे काय होतं ते त्या गॅलरीत, पाटावर आणि खुर्चीवर होतं.

पुढे लेक मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. साहेबांचं पोट सुटलं, वाकणं बंद झालं, रक्तात साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. रविवार चालूच राहिला.

उजव्या अंगठ्याची एक कड लाल दिसायला लागली ती अशाच एका रविवारी. लेकीने वडिलांच्या वाढदिवसाला नवे बूट पाठवले होते, चकचकीत आणि पुढून निमुळते. साहेब ते भाजी आणायलाही घालून जायचे. बाईंनी लाल कड दाबून पाहिली. नखाचा कोपरा मांसात शिरला होता. आता कोपरा आत टोचत असेल तर टेलर काय करणार? बाईंनी कात्रीचं टोक आणखी आत घातलं आणि कोपरा मुळापासून कापायला गेल्या. अंगठा ताडकन उडाला.

"काय झालं? लागलं का?"

"नाही गं," साहेब म्हणाले. "गुदगुल्या."

"या वयात गुदगुल्या!" बाई हसल्या. साहेबही हसले, आणि छत्रीची गोष्ट त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

दोनतीन दिवस बरं वाटलं असणार. कोपरा छाटला की वाटतंच, तिथेच तर माणूस फसतो. पण आत खोलवर नखाचं एक कुसळ राहून गेलं होतं. ते वाढू लागलं तसं मांसात घुसू लागलं. पुढच्या खेपेला कड आणखी सुजलेली होती, म्हणून बाईंनी आणखी खोल कापलं. पुन्हा अंगठा उडाला, पुन्हा गुदगुल्या. करायला गेलो एक नि झालं भलतंच, हे कळायला आधी ते झाल्याचं दिसावं लागतं. साहेब ते दिसू देत नव्हते.

त्याच सुमाराला साहेब स्वतःचे मोजे स्वतः धुवायला लागले. बाईंनी हे शेजारणीला कौतुकाने सांगितलं. "उशिरा का होईना, शहाणपण आलं बाई. आता चहाही स्वतः गाळून घेतील." शेजारीण म्हणाली, "माझ्याकडे पाठवा चार दिवस, आमच्यांना शिकवायला." दोघी पोट धरून हसल्या. त्या हसण्याची आठवण पुढे बाईंना किती दिवस झोपू देणार नव्हती!

मग शाळांचे गणवेश शिवायचे दिवस आले. कापडाच्या थप्प्या छताला टेकायला आल्या, आणि बाईंना मान वर करायला फुरसत राहिली नाही. रविवारी साहेब खुर्चीत बसायचे, पण उजव्या पायात मोजा तसाच ठेवून. "उजव्याचं मागच्या वेळीच बारीक झालंय. आज डावाच घे." बाईंनी फार विचार केला नाही. डावा पाय घेतला, नखं छाटली आणि मशीनकडे पळाल्या. साहेब त्या दिवसांत दुप्पट बोलायचे. एका पायात दोन पायांचं बोलणं उरकून घ्यायचं होतं त्यांना, हे बाईंना फार नंतर उमगलं.

एका दुपारी साहेबांना हुडहुडी भरली. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. बाईंनी पांघरूण घातलं, पाय गार पडले असतील म्हणून चोळायला घेतले आणि उजवा मोजा ओढला. तो निघेना. अंगठ्याला चिकटून बसला होता. कोमट पाण्याने भिजवून सोडवला तेव्हा आधी वास आला, मग अंगठा दिसला. काळा-जांभळा, फुगलेला, कडेला पिवळा पू. लाली वर घोट्याकडे चढत निघाली होती.

"अहो, हे काय आहे? हे कधीपासून आहे?"

साहेब तापात होते. "होईल बरं," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात पायाच्या जखमांसाठी वेगळी खोली होती. तिथली सिस्टर ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सगळ्यांशी नातलगासारखं बोलणारी. तिने जखम धुतली, आणि धुता धुता विचारलं, "नखं कोण कापतं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"कोपरे गोल करता?"

"मग? टोकं ठेवली तर मोजे फाटतात. टोचतात."

सिस्टरने हातातला बोळा बाजूला ठेवला. "मावशी, पायाचं नख सरळ कापायचं. बोटाच्या टोकाइतकं ठेवायचं, फार बारीक नाही. दोन्ही कोपरे बाहेर दिसले पाहिजेत. धार वाटली तर कानसीने घासायची, पण आत खोदायचं नाही. कोपरा छाटला की कडेचं मांस त्या जागेवर चढतं, आणि मग वाढणारं नख त्याच्यातच घुसतं."

"कापडाचं तसं नसतं," बाई पुटपुटल्या.

"कापड कापलं की जागेवर राहतं, मावशी. नख वाढतं."

सिस्टर रागाने बोलली नव्हती, पण ते वाक्य बाईंच्या काळजात घुसलं. इतकी वर्षं त्यांनी ज्या हाताचा अभिमान बाळगला, तोच हात त्यांनी पदराखाली लपवला. सिस्टरच्या ते लक्षात आलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका. साखरवाल्यांच्या पायाची जाणीव जाते. त्यांना दुखतच नाही, मग तुम्हाला तरी कसं कळणार?"

बुडत्याला काडीचा आधार. बाईंनी ती काडी घट्ट धरली. त्यांना दुखत नव्हतं. माझी कात्री चुकली, पण त्यांना दुखत तरी नव्हतं. एक्स-रेच्या रांगेत त्यांनी हेच वाक्य मनात फिरवत ठेवलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती रडत होती. "आई, माझ्या बुटांमुळे झालं का गं हे? दुकानदार म्हणत होता, पुढून अरुंद आहेत म्हणून. मीच हट्टाने तेच घेतले."

एक क्षण असा आला की बाईंना ते ओझं लेकीच्या डोक्यावर जाऊ द्यावंसं वाटलं. सगळं नाही, थोडंसंच. बूट अरुंद होतेच की, दुकानदारही तसं म्हणाला होता. माणूस दमला की असा क्षण येतो, त्यात बाईंना दोष द्यायला नको. पण त्यांनी तसं होऊ दिलं नाही.

"नाही गं. बूट कधीही काढून ठेवता आले असते. माझ्या कात्रीने झालंय. तू निघून ये."

डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं. पू हाडापर्यंत गेला होता, अंगठ्याकडचा रक्तपुरवठा कमी होता, साखर आवाक्याबाहेर होती. वेळेत आले असते तर बोट बधिर करून नखाची कड काढून टाकली असती, तासाभरात घरी. आता अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पाऊल. एवढ्याशा नखाचं दुखणं कुठल्या कुठे जाऊन पोचलं होतं.

"त्याआधी पायांची जाणीव तपासते," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात एक काडी होती आणि काडीच्या टोकाला आखूड, ताठ दोरा. साडीला फॉल लावताना बाई पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरायच्या, अगदी तसला. "बाबा, डोळे मिटा. दोरा टेकलेला कळला की 'हो' म्हणा."

बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांना खात्री होती की साहेब गप्प राहणार. गप्प राहणं त्यांना जन्मभर जमलं होतं.

दोरा टाचेला टेकला. "हो." तळव्याला टेकला. "हो." करंगळीला. "हो." अंगठ्याच्या खाली, सुजलेल्या मांसाच्या अगदी कडेला डॉक्टरीणबाईंनी दोरा जेमतेम लावला, आणि साहेबांनी दात आवळून म्हटलं, "हो."

"अरे वा, जाणीव शाबूत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे चांगलं आहे."

बाई पलंगाजवळ सरकल्या. "म्हणजे यांना... दुखत होतं?"

"दुखत होतं? बूट घालताना जीव जात असेल यांचा. रात्री पांघरुणाचं वजन सहन झालं नसेल. बाबा, इतकं दुखणं अंगावर का काढलंत? घरात सांगायचं नाही का?"

साहेब छताच्या पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता.

संध्याकाळी वॉर्डात दोघंच होते. लेक यायला अजून वेळ होता. बाईंनी बराच वेळ चादरीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग त्यांचा संताप उसळला, आणि तो मोठ्याने उसळला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली.

"गुदगुल्या म्हणालात! मी आत कात्री खुपसत होते आणि तुम्ही गुदगुल्या म्हणालात! हसलात! मोजे धुतलेत! मी काय वैरीण होते का तुमची?"

"हळू बोल."

"हळू कशाला? सांगा ना. एकदा 'आई गं' म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

पाय मांडीवर नसताना बोलायची साहेबांना सवय नव्हती. शेवटी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"डॉक्टर म्हणाले असते, बायकोने कापू नका. तू लगेच ऐकलं असतंस. परत कधी पाय धरला नसतास." ते थांबले. "मग रविवारी मी काय करायचं?"

बाईंनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"वाटलं, होईल बरं. गरम पाण्यात बुडवून ठेवायचो, तू बाजारात गेलीस की. दाबून पू काढायचो. म्हटलं, एवढं निभलं की झालं." मग, जणू हाच खरा मुद्दा असल्यासारखं, ते म्हणाले, "शिवाय तुझ्या हाताला आजपर्यंत कुणी नावं ठेवलेली नाहीत. मी कशाला पहिला होऊ?"

बाईंना त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि त्यांच्या कुशीत तोंड खुपसावंसंही वाटत होतं. खाटेला लोखंडी कठडा होता. त्या कठड्यावर डोकं टेकून रडल्या. साहेबांनी त्यांच्या केसांवर हात ठेवला तो ठेवला, सिस्टर इंजेक्शन घेऊन येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा काढला. पाऊल वाचलं. सगळ्यांनी नशिबाचे आभार मानले, आणि मानायलाच हवे होते. पण शुद्धीवर आल्यावर पांढऱ्या पट्ट्यांच्या गाठोड्याकडे बघून साहेब म्हणाले, "ब्रेक मारायचा अंगठा तो," तेव्हा जवळ बसलेली लेक उठून बाहेर व्हरांड्यात गेली.

घरी जायच्या दिवशी सिस्टरने पायाची निगा समजावून सांगितली. रोज तळवे बघायचे. बोटांच्या मधली जागा कोरडी ठेवायची. बूट पुढून रुंद. लाल दिसलं, सुजलं, की त्याच दिवशी इथे. बाई एकेक गोष्ट मान डोलावून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी धीर करून विचारलं, "आणि नखं? सरळ कापायला मी शिकेन. तुम्ही एकदा दाखवा. माझा हात तसा चांगला आहे."

सिस्टरने त्यांचा हात हातात घेतला. "चांगलाच आहे, मावशी. पण यांच्या पायाला रक्त कमी पोचतं, जराशी चीर पडली तरी भरत नाही. आता घरी कुणीच कात्री लावायची नाही. इथे आणत जा, मी कापत जाईन."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही. घरी आल्यावर दोरा तोडायची लहान कात्री त्यांनी शिकणाऱ्या मुलींपैकी एकीला देऊन टाकली. मुलीला वाटलं, बक्षीस मिळालं.

जखम भरत आली. लेक परत गेली, आणि जाताना ते चकचकीत बूट गुपचूप बॅगेत घालून घेऊन गेली. मग एक रविवार आला. बाईंनी मुद्दाम मशीनवर काम काढलं होतं. आंघोळीचं पाणी थांबल्याचं त्यांनी ऐकलं. मग काठीचा आवाज ऐकला. तो गॅलरीकडे गेला. खुर्ची करकरली.

बाई मशीन चालवत राहिल्या. खुर्ची पुन्हा करकरली.

"अगं."

"कापायचं नाही सांगितलंय," त्या आतूनच म्हणाल्या.

"कापू नको. पाय ओला आहे. बोटांमधलं पुसायला सांगितलंय ना?"

बाई उठल्या. पाट घेतला, मऊ फडकं घेतलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. आधी डावा पाय पुसला. मग उजवा उचलून मांडीवर घेतला. तो पूर्वीपेक्षा हलका लागला, की तसा भास झाला, कोण जाणे. साहेबांनी घसा खाकरला. "त्या वळणावरचं कुत्रं सांगितलं होतं ना तुला?" ते म्हणाले. "त्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं." आणि ते सांगू लागले.

बाई मान खाली घालून ऐकत होत्या. हात आपल्या चालीने चालत होते. इतक्या वर्षांत ते नेहमी एकाच ठिकाणापासून सुरू करत आले होते, अंगठ्यापासून. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळली आणि पायाच्या अंगठ्याला धरायला गेली. तिथे काही नव्हतं. नुसती गुळगुळीत, नवी, गुलाबी कातडी, आणि तिच्यावर टाक्यांची रेघ. सरळ रेघ होती, कोपरे न छाटलेल्या नखासारखी.

फडक्यावर एक थेंब पडला, मग दुसरा. कुत्र्याची गोष्ट थांबली.

"काय झालं?" साहेबांनी वाकायचा प्रयत्न केला, पण पोट आड आलं. "लागलं का?"

बाईंनी मान वर केली नाही. उरलेल्या चार बोटांच्या फटी त्यांनी एकेक करून कोरड्या केल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "गुदगुल्या."